उसाचं रात्रीचं पाणी आणि रक्तातली साखर

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूसकडच्या उसाला पाणी बऱ्याचदा रात्रीच पाजावं लागतं. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट फेरीने येते, काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांध गाठायचा, सरी भरली की दारं मोडायचं, पुढच्या सरीला पाणी लावायचं आणि दोनच्या सुमारास डब्यातली चटणी-भाकरी खायची. गळीत हंगामातली कारखान्याची रात्रपाळी वेगळीच. मधुमेहाचा विषय निघाला की आपल्याकडे बोट दाखवलं जातं ते गोडाकडे. झोपेकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि वैद्यकशास्त्राचंही ते उशिराच गेलं.

१९९९ साली शिकागो विद्यापीठात कारीन स्पीगल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री अंथरुणात फक्त चार तास राहू दिलं. रक्तातलं ग्लुकोज उचललं जाण्याचा वेग स्पष्ट मंदावला. पोटभर झोप मिळाल्यावर तो सुधारला. २००४ मध्ये त्याच गटाने भुकेचा हिशेब मांडला. दोनच अपुऱ्या रात्रींत पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. जागरणानंतर वडापाव दिसला की हात थांबत नाही, तो नुसता जिभेचा दोष नव्हे.

झोप आणि साखर यांच्या मधला दुवा म्हणून आतड्यातल्या जीवाणूंची गोष्ट आली ती दुसऱ्याच वाटेने, आणि सुरुवातीला तर उलट्या दिशेने, जीवाणूंकडून झोपेकडे. १९६०च्या दशकात हार्वर्डचे जॉन पापेनहायमर यांनी झोपू न दिलेल्या शेळ्यांच्या मेंदूभोवतालचा द्रव काढून दुसऱ्या प्राण्यांच्या मेंदूत सोडला, तर ते प्राणी सुस्तावले. त्या द्रवात असं काय होतं? शोध वर्षानुवर्षं चालला. कच्चा माल पुरेना, म्हणून माणसांची लघवी गोळा करून तिच्यातून तो पदार्थ गाळला गेला. १९८२ मध्ये जेम्स क्रूगर आणि पापेनहायमर यांच्या हाती उत्तर आलं : म्युरामिल पेप्टाइड, म्हणजे जीवाणूंच्या पेशीभित्तिकेचा तुकडा. हा पदार्थ प्राण्याचं शरीर स्वतः बनवत नाही. झोप आणणारी वस्तू आतड्यातल्या बिऱ्हाडकरूंकडून येत असावी, हा तर्क मला या सगळ्या इतिहासातला सर्वात धाडसी वाटतो. पण तेव्हा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता येतील तेवढेच जीवाणू ओळखता येत.

डीएनए वाचणं स्वस्त झालं आणि चित्र पालटलं. २००६ मध्ये सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांचे जीवाणू आतड्यात एकही जीवाणू नसलेल्या उंदरांत सोडले, तर त्यांची चरबी जास्त वाढली. २०१४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत एरान एलिनाव यांच्या गटाला दिसलं की जीवाणूंचंही दिवस-रात्रीचं वेळापत्रक असतं, आणि ते बऱ्याच अंशी आपल्या जेवणाच्या वेळांवर ठरतं. अमेरिकेहून विमानाने आलेल्या, शरीराचं घड्याळ बिघडलेल्या प्रवाशांची विष्ठा उंदरांना दिली, तेव्हा उंदरांचं वजन आणि साखर दोन्ही बिघडलं. प्रवासी किती? दोन.

इथे सावध राहायला हवं. २०१६ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात नऊ तरुणांवर दोन अपुऱ्या रात्रींचा प्रयोग झाला. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद घटला आणि जीवाणूंच्या काही गटांचं प्रमाण हललं. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातून माणसं आणि उंदीर दोघांवरचा अभ्यास आला, त्यात जीवाणूंची वस्ती जवळजवळ जागच्या जागी होती. म्हणजे अपुरी झोप आणि साखर यांचा संबंध पक्का, मधल्या जीवाणूंचा वाटा अजून वादात. मेडिकलमधल्या प्रोबायोटिक कॅप्सूलने रात्रपाळीची भरपाई होते, असं या कशातूनच निघत नाही.

दिवसा लाईट द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे आणि तिच्यामागे साप आणि बिबट्या ही कारणं सांगितली जातात. शिराळ्याकडे बिबट्याची भीती खोटी नाही. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ पासून. ज्यांचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी, सौरऊर्जेवर गेला, त्यांचं पाणी दिवसावर आलं. बाकीच्यांची फेरी चालूच आहे.