फेऱ्याची बाकी: गोलावरचा बाण, क्वांटम कला आणि भावांचा निर्देशांक

पृथ्वीगोलाच्या उत्तर ध्रुवावर एक बाण आडवा ठेवला आहे आणि त्याचे टोक ० अंश रेखावृत्ताकडे आहे, असे समजा. तो जराही न वळवता त्या रेखावृत्तावरून विषुववृत्तापर्यंत खाली न्या. टोक दक्षिणेकडे राहील. मग विषुववृत्तावरून पूर्वेला ९० अंश सरका. टोक अजूनही दक्षिणेकडेच. आता ९० अंश पूर्व रेखावृत्तावरून सरळ वर ध्रुवावर या. बाण मूळ जागी पोचतो, पण त्याचे टोक आता ९० अंश रेखावृत्ताकडे असते. वाटेत एकाही पावलावर कोणी तो वळवलेला नाही.

हे ९० अंश म्हणजे फेऱ्याची बाकी. गणितात तिला होलोनॉमी म्हणतात. ती वेगावर किंवा वेळेवर अवलंबून नसते. फेऱ्याने किती वक्रता वेढली, एवढ्यावरच ठरते. वरच्या फेऱ्याने गोलाचा आठवा भाग वेढला. त्याचा घनकोन, म्हणजे गोलाच्या केंद्रातून दिसणारा त्याचा विस्तार (पूर्ण गोलाचा ४π), π/२, आणि बाणाचे वळणही π/२. सपाट कागदावर कसाही फेरा मारला तरी बाकी शून्य येते. शंकूचा पृष्ठभाग मात्र फसवा असतो. तो उलगडून सपाट करता येतो, म्हणजे टोक सोडून कुठेच वक्रता नाही, तरीही टोकाला वेढा घालणारा फेरा बाकी ठेवतो. हा शंकू लक्षात असू द्या.

पृष्ठभागाची वक्रता पृष्ठभागावरच राहून मोजता येते, हे गाउसने १८२७ मध्ये दाखवले. बाण ‘न वळवता’ नेणे म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मात्र १९१७ मध्ये लेव्ही-चिविताने केली. त्या दोन तारखांच्या मधेच ही बाकी डोळ्यांना दिसली होती. १८५१ मध्ये फूकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला, आणि झोक्याची पातळी तासाला सुमारे ११.३ अंशांनी वळताना लोकांनी पाहिली. पूर्ण दिवसात पृथ्वी लंबकाला अक्षवृत्तावरून एक फेरा घडवते. त्या अक्षवृत्ताच्या वरच्या टोपीचा घनकोन २π(१ − sin λ) असतो; λ म्हणजे अक्षांश. पॅरिससाठी तो २π च्या सुमारे पाव पट येतो, आणि एका दिवसात झोक्याच्या पातळीला पूर्ण वेढा घ्यायला तेवढाच कोन कमी पडतो.

हाच प्रयोग मीटरभर दोरीवर का फसतो? झोका अगदी सरळ रेषेत क्वचितच जातो. त्याची किंचित लंबवर्तुळ वाट होते आणि ते लंबवर्तुळ स्वतःच हळूहळू फिरते. त्याचा वेग (३/८)·ω·अ·ब/ल² एवढा असतो. इथे ω म्हणजे झोक्याची कोनीय वारंवारता, अ आणि ब हे लंबवर्तुळाचे अर्धे अक्ष आणि ल ही लांबी. लांबी १ मीटर, झोका १० सेंटिमीटर आणि आडवा अक्ष जेमतेम १ मिलिमीटर धरला, तरी हे फिरणे तासाला सुमारे २४ अंश निघते. पृथ्वीमुळे तासाला जास्तीत जास्त १५ अंशच मिळतात, त्यामुळे खरा परिणाम त्यात बुडून जातो. ६७ मीटरच्या तारेवर ३ मीटरचा झोका आणि १ सेंटिमीटर आडवा अक्ष असला, तर चूक तासाला ०.२ अंशावर येते. लांब तार हवी ती यासाठी. शिवाय गोळा हाताने न सोडता बांधलेला दोरा जाळून सोडतात, म्हणजे आडवा धक्का बसत नाही.

१९१८ मध्ये हर्मन वाइलने ही कल्पना लांबीला लावून पाहिली. दिशेप्रमाणे मोजपट्टीची लांबीही फेऱ्यानंतर बदलत असेल तर? त्यातून त्याला विद्युतचुंबकत्व निघताना दिसले. आइन्स्टाइनचा आक्षेप त्याच लेखाला जोडून छापला गेला. लांबी इतिहासावर ठरत असेल, तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या एकाच मूलद्रव्याच्या अणूंच्या वर्णपटरेषा वेगवेगळ्या दिसायला हव्यात, आणि तशा त्या दिसत नाहीत. आक्षेप बिनतोड होता. पण कल्पना मेली नाही. १९२९ मध्ये वाइलनेच तिला लांबीवरून उचलून क्वांटम तरंगाच्या कलेवर, म्हणजे फेजवर, बसवले. तिथे ती आजतागायत आहे.

कलेची बाकी प्रयोगात पकडायची तर फेरा मारून आलेला तरंग आणि घरी थांबलेला तरंग एकमेकांवर पाडावे लागतात. १९५९ मध्ये अहारोनोव्ह आणि बोम यांनी दाखवले की, चुंबकीय क्षेत्र बंदिस्त ठेवून त्याच्या भोवतीने इलेक्ट्रॉन नेला, तर क्षेत्राला स्पर्श न होताही त्याची कला eΦ/ħ एवढी सरकते (e हा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, Φ हा बंदिस्त चुंबकीय प्रवाह, ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २π). हा तोच शंकू. वाटेत सगळे सपाट, वक्रता फक्त टोकात. ‘क्षेत्र थोडे बाहेर गळत असेल’ ही शंका बरीच वर्षे टिकली. १९८६ मध्ये तोनोमुरांच्या गटाने कड्याच्या आकाराचा चुंबक अतिसंवाहकाच्या वेष्टणात बंद करून ती मिटवली.

पण बाकीची सर्वांत नितळ मांडणी त्याआधीच झाली होती, तीही प्रकाशात. १९५६ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्णन पंचरत्नम हा २२ वर्षांचा तरुण प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांवर काम करत होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा हा भाचा. त्याच्यापुढचा प्रश्न साधा होता. दोन किरणांचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशतरंगाच्या कंपनाची दिशा किंवा तऱ्हा, वेगळे असेल, तर ते ‘एका कलेत’ आहेत असे कधी म्हणायचे? त्याने ठरवले की दोन्ही एकत्र पाडल्यावर तीव्रता कमाल होते तेव्हा. या निरुपद्रवी व्याख्येतून जे निघते ते चक्रावून टाकणारे आहे. अ आणि ब सुरात, ब आणि क सुरात, तरी क आणि अ सुरात असतीलच असे नाही. ध्रुवणाच्या सगळ्या अवस्था पॉइनकरेच्या गोलावर मांडल्या, तर अ-ब-क त्रिकोणाच्या घनकोनाच्या निम्म्याइतकी तफावत पडते. उजवे वर्तुळाकार, आडवे आणि ४५ अंशांतले तिरके ध्रुवण घ्या. गोलावर हा त्रिकोण नेमका आठवा भाग व्यापतो. घनकोन π/२, म्हणून तफावत π/४, म्हणजे ४५ अंश.

या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. पंचरत्नम १९६९ मध्ये ऑक्सफर्डला वयाच्या पस्तिशीत वारले. तसे पाहिले तर ही बाकी आधीही वेगवेगळ्या खोल्यांतून दिसून गेली होती. १९३८ मध्ये रितोव्हने आणि १९४१ मध्ये व्लादिमिर्स्कीने वळणावळणाच्या वाटेवरील प्रकाशात ती पाहिली, १९५८ मध्ये लाँगेट-हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या गणितात. ज्याने त्याने ती आपल्या कपाटात ठेवली. क्वांटमच्या मुख्य प्रवाहात तर १९२८ पासून बॉर्न आणि फोक यांच्या अतिमंद बदलांच्या सिद्धांतात ही जादा कला ‘सोयीने निवड करून शून्य करता येते’ असे धरून चालले होते. उघड्या वाटेवर ते खरेच आहे. बंद फेऱ्यावर नाही. एवढीच मेख मायकेल बेरी यांनी १९८४ च्या लेखात दाखवली. गंमत म्हणजे बॅरी सायमन यांचा त्याच विषयावरचा लेख १९८३ अखेरीस, मूळ लेखाच्या आधी छापून आला. ‘बेरी कला’ हे नाव त्यातले, आणि ही बाकी म्हणजे होलोनॉमीच, हे स्पष्ट करणेही त्यातले. १९८६ मध्ये रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी पंचरत्नमच्या लेखाकडे लक्ष वेधले, आणि बेरींनी १९८७ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहून ते मान्य केले. १९८८ मध्ये जोसेफ सॅम्युअल आणि राजेंद्र भंडारी यांनी पंचरत्नमचीच व्याख्या वापरून फेरा अर्धवट राहिला तरी बाकी कशी मोजायची ते दाखवले. माझ्या मते श्रेयाच्या वादापेक्षा ही शेवटची पायरी जास्त मोलाची आहे, कारण प्रयोगातला फेरा काटेकोर बंद कधीच नसतो.

प्रयोगातली खरी अडचण वेगळी आहे. चुंबकीय क्षेत्राची दिशा ६० अंशांच्या शंकूवरून एकदा फिरवली, तर घनकोन २π(१ − cos ६०°) = π होतो आणि स्पिन-१/२ कणाला π/२ एवढी, म्हणजे पाव आवर्तनाची भौमितिक कला मिळते. पण ऊर्जा गुणिले वेळ ही नेहमीची कला तिच्यावर स्वार असते. १ टेस्ला क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख आवर्तने करतो. क्षेत्र एक कोटीत एक भाग हलले, तरी सेकंदात चारएक आवर्तनांची चूक होते, आणि शोधायचे असते पाव आवर्तन. म्हणून फेरा दोनदा मारतात. पहिल्यानंतर स्पिन उलटवायचा आणि दुसरा फेरा उलट दिशेने घ्यायचा. नेहमीची कला वजा होते, भौमितिक कला दुप्पट होते. फेरा घाईने मारला तर कण दुसऱ्या अवस्थेत उडी घेतो, आणि फार रेंगाळला तर परिसराचा गोंगाट कला पुसून टाकतो. काम या दोन काठांच्या मधल्या पट्टीत करावे लागते. प्रकाशात हे सोपे जाते. १९८६ मध्ये तोमिता आणि चाओ यांनी फायबर मळसूत्रासारखा गुंडाळून ध्रुवणाची पातळी घनकोनाइतकी वळते हे मोजले. तिथे सांभाळायचे ते फायबरला पीळ पडू न देणे, कारण पिळामुळे काचेत येणारा ताणही पातळी फिरवतो.

फेऱ्याऐवजी संपूर्ण बंद पृष्ठभागावरची वक्रता बेरजेला घेतली, तर उत्तर पूर्णांकातच येते. फोन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये २५,८१२.८०७ ओहमच्या पूर्णांकी भागांत मिळालेला हॉल रोध (चुंबकीय क्षेत्रात विद्युतप्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला रोध) अशुद्धीने का ढळत नाही, याचे १९८२ मध्ये थाउलेस आणि सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर याच वाटेने जाते.

व्यापाराच्या अर्थशास्त्रात हाच हिशेब भौतिकशास्त्राच्या आधीपासून आहे. कुर्नोने १८३८ मध्ये विनिमयदरांसाठी अट लिहिली. क चा ख मधला दर गुणिले ख चा ग मधला दर, बरोबर क चा ग मधला दर. म्हणजे फेऱ्याचा गुणाकार १. समजा १ क = २ ख, १ ख = ३ ग, आणि ५.९ ग दिले की १ क परत मिळतो. मग फेरा १.०१७ वर बंद होतो, आणि दलाली त्याहून कमी असेल तर दलाल ही बाकी खिशात घालतात. तिथे ती फार वेळ टिकत नाही.

शेतमालाच्या भावांत मात्र ती ठाण मांडून बसते. गहू आणि मका दोन्हींचा भाव १० आणि खरेदी १०-१० पोती आहे असे धरा. सुगीत गव्हाचा भाव ५ वर येतो आणि खरेदी ३० पोती गहू, ५ पोती मका अशी होते. नंतर भाव आणि खरेदी दोन्ही पूर्ववत. मागच्या महिन्याच्या प्रमाणांवर चालणारा लासपेयर निर्देशांक पहिल्या टप्प्यात १५०/२०० = ०.७५ आणि दुसऱ्यात ३५०/२०० = १.७५ देतो. साखळीचा गुणाकार १.३१२५. भाव होते तिथे परतले आणि निर्देशांक सांगतो ३१ टक्के महागाई!

दोन्ही महिन्यांची प्रमाणे घेणारे फिशरचे सूत्र इथे अचूक १ देते, कारण ही वाट जाऊन त्याच रेषेवरून परत आली. तिने काहीच वेढले नाही. पण स्वस्ताईत साठा करणारे लोक भाव चढल्यावर थोडे दिवस खरेदीच करत नाहीत. तिसऱ्या महिन्यात २ पोती गहू आणि १० पोती मका घेतला, चौथ्यात पुन्हा १०-१०, असे धरा. फिशरच्या पहिल्या दोन टप्प्यांचा गुणाकार ०.६५४७ × १.३८१७ = ०.९०४५ येतो आणि शेवटचा टप्पा १. आता तेच भाव साडेनऊ टक्के ‘स्वस्त’ झाले. वाटेने क्षेत्र वेढले की सूत्र चांगले असूनही बाकी उरते.

फिशरने १९२२ मध्ये वर्तुळ-कसोटीवर, म्हणजे फेऱ्याचा गुणाकार १ आलाच पाहिजे या अटीवर, लिहिले ते याच संदर्भात. ही कसोटी पाळण्याचा आग्रहच चुकीचा, असे त्याचे मत होते. दिविझियाने १९२५ च्या सुमारास निर्देशांक वाटेवरची बेरीज म्हणून मांडला, आणि तिचे उत्तर वाट बदलली तरी केव्हा सारखेच राहते याच्या अटी हल्टन यांनी १९७३ मध्ये दिल्या. १९९६ मध्ये पिया मलाने यांच्या हार्वर्डमधील प्रबंधात हे उघडपणे वाइलच्या भूमितीत आले. याला ‘क्वांटम अर्थशास्त्र’ म्हणण्याचा मोह टाळावा. इथे कणांचा काही संबंध नाही, सामाईक आहे ती केवळ वाटेवर ठरणारी बेरीज. त्यातही वाइलने सोडून दिलेली मोजपट्टीच परत आली आहे, कारण पैशाच्या मापाला आपला इतिहास खरोखर आठवतो.

व्यवहारातला उपाय म्हणजे एकाच वाटेवर विसंबायचे नाही. जिनी (१९३१) आणि पुढे एल्टेटो, कोवेश व शुल्त्स (१९६४) यांच्या पद्धतीत दोन काळांमधली तुलना प्रत्येक तिसऱ्या काळामार्गे करून सगळ्या उत्तरांची भौमितिक सरासरी काढतात. त्यामुळे तुलनेला घेतलेल्या काळांच्या खिडकीच्या आत बाकी नेमकी शून्य होते. देशादेशांतील क्रयशक्तीची तुलना याच पद्धतीने होते. महिन्याच्या भावांना ती लावली की नवा महिना येताच जुने आकडे बदलतात, आणि जाहीर झालेला निर्देशांक मागाहून बदलणे कोणालाच परवडत नाही. म्हणून इव्हान्सिक, डिवर्ट आणि फॉक्स यांनी २०११ मध्ये १३ महिन्यांची सरकती खिडकी सुचवली. हंगामी माल वर्षातून एकदा तरी स्वतःशीच जुळावा म्हणून १२ नव्हे, १३. खिडकी एक महिना पुढे सरकते तेव्हा नवा आकडा जुन्या मालिकेला सांधावा लागतो, आणि त्या सांध्यातून थोडी बाकी पुन्हा आत शिरते.