बाँड ईटीएफमधला शॉर्ट इंटरेस्ट : आकड्यामागचा इतिहास

ठाण्याच्या नौपाड्यात काय किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये काय, परदेशी शेअर विकत घेऊन देणारी ॲप आता अनेकांच्या फोनवर आहेत. त्यात टीएलटी, एलक्यूडी किंवा एचवायजी अशा अमेरिकी बाँड ईटीएफचे (म्हणजे रोख्यांची टोपली बाळगणाऱ्या आणि ज्यांची युनिटे शेअरप्रमाणे बाजारात विकली जातात अशा फंडांचे) पान उघडले की ‘शॉर्ट इंटरेस्ट’ या नावाखाली कधीकधी २०-३० टक्क्यांच्या घरातला आकडा दिसतो. पाहणारा दोनपैकी एक अर्थ लावतो. एक तर ‘एवढे लोक विकून बसलेत, म्हणजे भाव पडणार’, नाहीतर ‘मंदीवाले अडकलेत, आता भाव उसळणार’. कंपनीच्या शेअरमध्ये यातले एखादे अनुमान खरे ठरूही शकते. बाँड ईटीएफमध्ये मात्र दोन्ही बहुधा फसतात. इथे किती युनिटे शॉर्ट आहेत यापेक्षा ती कोणी आणि कशासाठी विकली, आणि उसन्या युनिटांचे भाडे किती चालले आहे, हे जास्त कामाचे.

शॉर्ट विक्री म्हणजे दुसऱ्याची युनिटे उसनी घेऊन बाजारात विकणे आणि पुढे कधीतरी विकत घेऊन परत करणे. अशी विकलेली पण अजून परत न केलेली एकूण युनिटे म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. प्रकार जुना आहे. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅमला इसाक ल मेर याने डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर हाताशी नसताना पुढच्या तारखेच्या बोलीवर विकले, आणि पुढच्याच वर्षी तिथे अशा विक्रीवर बंदी आली. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने शॉर्ट विक्रीवर नियम करण्याचा अधिकार तिथल्या नियामकाला, एसईसीला, मिळाला. १९३८ मध्ये ‘अपटिक’ नियम आला : भाव उतरत असताना शॉर्ट करायचे नाही. तो २००७ मध्ये रद्द झाला आणि २०१० मध्ये सौम्य रूपात परतला. आपल्या आकड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा २००५ चा. त्या वर्षी लागू झालेल्या ‘रेग्युलेशन एसएचओ’ने ब्रोकरवर बंधन घातले की शॉर्ट विक्रीआधी युनिटे उसनी मिळतील याची खात्री करायची. खरोखर बाजार चालवणाऱ्या मार्केट मेकरना, म्हणजे खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव सतत देत राहणाऱ्या संस्थांना, यातून सूट मिळाली. ही सूट पुढे ईटीएफच्या आकड्यात ठळक उमटते.

हा आकडा २००७ पर्यंत महिन्यातून एकदाच गोळा होत असे, तेव्हापासून दोनदा होतो : एक महिन्याच्या मध्याला, एक अखेरीला. ब्रोकर आपापली माहिती फिनरा या संस्थेकडे देतात आणि ती प्रसिद्ध व्हायला आणखी काही कामकाजाचे दिवस जातात. म्हणून ॲपवर ‘ताजा’ दिसणारा आकडा बऱ्याचदा दोन-तीन आठवडे जुना असतो. सकाळी विकून संध्याकाळी कापलेला सौदा त्यात येतच नाही.

आता बाँड ईटीएफ. अमेरिकेत ते जुलै २००२ मध्ये आले. पहिल्या चारांत टीएलटी (वीस वर्षांहून लांब मुदतीचे सरकारी रोखे) आणि एलक्यूडी (चांगल्या पतीच्या कंपन्यांचे रोखे) होते. कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे घेणारा एचवायजी २००७ मध्ये आला. त्याआधी एखाद्या संस्थेला कंपन्यांच्या रोख्यांवर मंदी करायची तर एकेक रोखा उसना मिळवावा लागे, आणि यातले कितीतरी रोखे दिवसेंदिवस हात बदलत नाहीत. ईटीएफमुळे शेकडो रोख्यांची टोपली एका सौद्यात शॉर्ट करता येऊ लागली. त्यामुळे बाँड ईटीएफमधली शॉर्ट विक्री हे बऱ्याच अंशी विम्याचे काम आहे. डीलरच्या खात्यात कंपन्यांचे रोखे पडून असतील तर विकले जाईपर्यंतची जोखीम झाकायला तो एलक्यूडी शॉर्ट करतो. दुसरा कोणी एलक्यूडी विकत घेतो आणि मध्यम मुदतीच्या सरकारी रोख्यांचा आयईएफ शॉर्ट करतो, म्हणजे व्याजदराचा परिणाम बराचसा कटतो आणि फक्त कंपन्यांच्या पतीवरचा अंदाज उरतो. आयईएफच्या पानावर हे शॉर्ट दिसते, पण त्या माणसाचे सरकारी रोख्यांबद्दल वाईट मत असतेच असे नाही.

दुसरे कारण ईटीएफच्या रचनेत आहे. कंपनीच्या शेअरची संख्या ठरलेली असते, ईटीएफची युनिटे रोज वाढतात-घटतात. ‘ऑथराइज्ड पार्टिसिपंट’ म्हणवणाऱ्या मोठ्या संस्था रोख्यांची टोपली फंडाला देऊन हजारोंच्या गठ्ठ्याने नवी युनिटे घेतात किंवा गठ्ठा परत करून रोखे घेतात. अचानक मागणी आली की मार्केट मेकर आधी युनिटे विकून मोकळा होतो आणि नवी युनिटे मागाहून तयार करवून डिलिव्हरी देतो. मधल्या काळात तो कागदोपत्री शॉर्ट असतो. नेहमीच्या शॉर्ट सौद्याची डिलिव्हरी चुकली तर ब्रोकरला ती पुढच्या सेटलमेंट दिवशी बाजार उघडताच निस्तरावी लागते. मार्केट मेकरला तिसऱ्या सेटलमेंट दिवसापर्यंत सवड आहे. म्हणजे जोरदार खरेदीच्या दिवसांतही शॉर्ट इंटरेस्ट वाढलेला दिसू शकतो.

टक्केवारी कशी फसवते ते हिशेबाने पाहू. फंडाची १० कोटी युनिटे आहेत, ४ कोटी शॉर्ट आहेत. ॲप ४० टक्के दाखवेल. पण उसनी युनिटे ज्यांनी विकत घेतली तेही धारकच, त्यामुळे प्रत्यक्षात १४ कोटी युनिटे लोकांच्या खात्यात आहेत आणि शॉर्टचा वाटा साधारण २९ टक्के आहे. आता मोठ्या संस्थांनी ५ कोटी युनिटे फंडाला परत केली. मंदीवाल्यांनी एकही नवे युनिट विकले नाही, तरी ॲपवरचा आकडा ८० टक्के होईल. आणखी दीड कोटी परत गेली तर तो ११४ टक्के होईल. शंभराच्या वरचा आकडा पाहून गैरव्यवहाराची शंका घेण्याआधी गेल्या महिन्यात युनिटांची संख्या किती बदलली ते फंडाच्या संकेतस्थळावर पाहावे. शॉर्ट इंटरेस्टला रोजच्या सरासरी उलाढालीने भागून ‘किती दिवसांत कापता येईल’ हा जो आकडा देतात, तोही इथे लंगडा पडतो, कारण शॉर्ट फेडायची युनिटे रोख्यांपासून नव्याने तयार करता येतात.

मंदीवाल्यांची कोंडी इथे सहसा का होत नाही, याचेही हेच कारण. उसनवारीचे भाडे वाढले की संस्था रोखे देऊन नवी युनिटे बनवतात आणि भाड्याने देतात. सरकारी रोख्यांत हे सोपे आहे. एचवायजीसारख्या फंडात हजाराच्या घरातले रोखे जमवायला वेळ लागतो, म्हणून तिथले भाडे कधीकधी चढते. भाडे चढे असेल तर शॉर्टच्या आकड्याकडे गांभीर्याने पाहावे. भाडे नगण्य असेल तर टक्का कितीही मोठा असो, त्याचे एवढे वजन नाही.

शिवाय फंड रोख्यांवरचे व्याज दरमहा धारकांना वाटतो, ते वाटप शॉर्ट करणाऱ्याला खिशातून भरावे लागते. ९० डॉलर भावाची १०० युनिटे शॉर्ट केली म्हणजे ९,००० डॉलर. वर्षाला ४ टक्के वाटप धरले तर महिन्याला ३० डॉलर मूळ मालकाला द्यायचे. अर्धा टक्का भाडे धरले तर वर्षाला आणखी ४५. विक्रीच्या पैशावर व्याज मिळत नसेल तर वर्षभरात भाव साडेचार टक्क्यांनी उतरला तरच तो बरोबरीत येतो. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेले आणि टीएलटी वर्षभरात तिसाहून अधिक टक्के पडला, तेव्हा हा खर्च कोणाला जाणवला नाही. दर स्थिर असतात तेव्हा तो दरमहा टोचतो.

मार्च २०२० मधला गोंधळही इथे सांगायला हवा. तेव्हा एलक्यूडी आपल्या निव्वळ मालमत्ता मूल्यापेक्षा, म्हणजे एका युनिटामागे असलेल्या रोख्यांच्या किमतीपेक्षा, सुमारे ५ टक्के खाली विकला जात होता. खापर शॉर्टवाल्यांवर फोडणे सोपे होते. खरे कारण असे की रोख्यांचे सौदे थिजले होते, मूल्य जुन्या भावांवर काढले जात होते आणि ज्यांना पैसे हवे होते ते विकता येईल ती एकच गोष्ट विकत होते. २३ मार्चला फेडरल रिझर्व्हने असे ईटीएफ विकत घेण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष खरेदी १२ मे रोजी सुरू झाली, पण तफावत त्याच्या कितीतरी आधी भरून आली होती.

आपल्याकडे या विषयाची वाट वेगळी. मुंबईच्या बाजारात बदला पद्धत (सौदा न फेडता मोबदला देऊन पुढे ढकलण्याची रीत) असताना शनिवारच्या सत्रात ‘उंधा बदला’ लागला, म्हणजे मंदीवाल्यांनी तेजीवाल्यांना पैसे मोजले, की शॉर्ट किती दाटले आहेत ते जाणत्यांना कळत असे. तेव्हाही भाडेच बोलत होते. जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला. शेअर उसने देण्या-घेण्याची सध्याची एसएलबी व्यवस्था एप्रिल २००८ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार संस्थांनी ऑर्डर देतानाच आणि किरकोळ गुंतवणूकदारांनी त्या दिवसाचा बाजार संपेपर्यंत सौदा शॉर्ट असल्याचे सांगायचे आहे; एकत्रित आकडे एक्स्चेंजने आठवड्याला प्रसिद्ध करायचे आहेत. सरकारी रोख्यांची शॉर्ट विक्री रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येते. २००६ मध्ये ती एका दिवसापुरती खुली झाली आणि नंतर मुदत वाढत गेली.

डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या भारत बाँड ईटीएफच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १२,४०० कोटी रुपये जमले. ती युनिटे घेणारे बहुतेक जण मुदतपूर्तीपर्यंत थांबायच्या तयारीने आलेले, त्यामुळे उसनी द्यायला युनिटे फारशी नाहीत आणि अमेरिकेसारखा शॉर्टचा आकडा तिथे शोधून उपयोग नाही. तिथे बाजारभाव आणि निव्वळ मूल्य यांतला फरक, आणि खरेदी-विक्रीच्या बोलीतले अंतर पाहावे.

ठाण्या-नवी मुंबईतून परदेशी ईटीएफ घेणाऱ्यांसाठी एक नियम इथेच नोंदवायला हवा. एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण परदेशी एक्स्चेंजच्या मार्जिनसाठी, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या तारणासाठी, पैसे पाठवता येत नाहीत. शॉर्ट विक्रीला मार्जिन लागतेच. टीएलटी विकत घेता येतो, इथल्या खात्यातून तो शॉर्ट करण्याची वाट मात्र मोकळी नाही. ॲपवरचा आकडा वाचायचाच तर त्याच्याशेजारी तारीख, युनिटांच्या संख्येतला बदल, निव्वळ मूल्याशी फरक आणि उसनवारीचे भाडे हे चारही मांडून वाचावा. चौथे ॲपवर दिसत नसेल तर ब्रोकरकडे विचारावे.