पेनड्राइव्हमधले फोटो ‘शॉर्टकट व्हायरस’ खात नाही
पेनड्राइव्ह उघडला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात, आणि कुणीतरी सांगतं, “डेटा गेला, फॉरमॅट मारा.” कृपा करून मारू नका! बहुतेक वेळा फोटो, कागदपत्रं तिथंच असतात. हा व्हायरस मूळ फाइलींना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा खुणा लावून लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचा ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) बंद झाला, म्हणून या व्हायरसला आपल्या क्लिकची गरज लागते.

नुसता पेनड्राइव्ह फॉरमॅट केला तरी कॉम्प्युटरमधला व्हायरस तो पुन्हा बिघडवतो. म्हणून पेनड्राइव्ह काढा, विंडोज सिक्युरिटीतून (विंडोजमध्येच असलेलं अँटिव्हायरस) ‘ऑफलाइन स्कॅन’ लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. त्याआधी उघडं काम सेव्ह करा.

मग पेनड्राइव्ह लावून तोही स्कॅन करा, शॉर्टकटवर अजिबात क्लिक न करता. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हिडन फाइल्स’ दाखवा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’समोरची टिक काढा. फिकट रंगात तुमचे फोल्डर दिसतील. ते कॉपी करून घ्या. फॉरमॅट त्यानंतर.