भाकरी बघून पडणारं कुत्रं, झोपेनं झपाटलेली माणसं

परवा आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता, भाकरीचा तुकडा दाखवला की एक डॉबरमन उड्या मारत येतंय आणि अर्ध्या वाटेत मागचे पाय गेल्यासारखं बदकन पडतंय, थोड्या वेळानं उठून परत भाकरीकडं. सगळे हसले. एक म्हणाला फिट आली, दुसऱ्यानं लिहिलं कांदा हुंगवा, तिसरा थेट करणीवर गेला (कोल्हापूर आहे, हे व्हायचंच). मला मात्र नार्कोलेप्सी (दिवसाढवळ्या झोप आवरता न येण्याचा आजार) आठवली आणि मग रात्रभर तेच वाचत बसलो.

नाव जुनं आहे. १८८० ला फ्रान्समधल्या जेलिनो नावाच्या डॉक्टरनं ते ठेवलं, अर्थ साधारण 'झोपेनं धरणं', आपल्या भाषेत झपाटणंच म्हणा की. त्याचा पेशंट दारूची पिंपं विकणारा, वय ३८, दिवसात २०० वेळापर्यंत झोपेचे झटके यायचे. गंमत पुढं आहे, हा माणूस मोठ्यानं हसला की पाय लटपटायचे, आणि पत्त्यात चांगला डाव आला की हातपाय गळून मान खाली. म्हणजे आनंद झाला की अंग सोडून द्यायचं! याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, शुद्ध जात नाही, सगळं ऐकू येतं, फक्त स्नायू ऐकत नाहीत.

पुढं बरीच वर्षं डॉक्टर लोक याला मनाचाच आजार समजत बसले. खरं तर १९१७ च्या आसपास व्हिएन्नात इकोनोमो नावाच्या डॉक्टरनं माणसं झोपूनच राहायची अशा एका मेंदूच्या आजाराच्या साथीत मेलेल्यांचे मेंदू तपासून बोट बरोबर ठेवलं होतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागाला इजा झाली की माणूस झोपतच राहतो. १९६० ला कळलं की नार्कोलेप्सीवाले डोळा लागताच थेट स्वप्नाच्या झोपेत शिरतात, आपल्याला तिथं पोचायला तासदीड तास लागतो. स्वप्नाच्या झोपेत शरीर स्नायूंचं बटण बंद ठेवतं, आणि या लोकांत ते बटण जागेपणीच दाबलं जातं. पहाटे जाग येते पण हलता येत नाही, खोलीत कोणतरी उभं आहे असं वाटतं, तेही यातलंच. आपल्याकडं त्याला छातीवर भूत बसलं म्हणतात. आता हे धडधाकट माणसालाही एखाद्या वेळी होतं, तेवढ्यावरनं घाबरू नका.

मग कुत्री आली. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेचा अभ्यास करणाऱ्या विल्यम डिमेंटनं मोनिक नावाची एक पूडल आणली, खेळायला लागली की कोसळायची. पण तिच्याकडनं आजार पिल्लांत उतरेना. नंतर डॉबरमन आणि लॅब्राडॉर मिळाले, त्यांच्यात मात्र तो सरळ रक्तातनं यायचा, आई आणि बाप दोघांकडनं बिघडलेलं जनुक आलं की पिल्लू काही महिन्यांतच पडायला लागायचं. ते जनुक शोधायला इमॅन्युएल मिन्यो आणि त्याच्या टीमनं दहाएक वर्षं घातली. १९९९ ला सापडलं आणि त्याच सुमाराला टेक्सासमध्ये यानागिसावाच्या लॅबमधले, ऑरेक्सिन नावाचा मेंदूतला पदार्थ नसलेले उंदीर रात्रीच्या कॅमेऱ्यात असेच पटापटा पडताना दिसले.

ऑरेक्सिन म्हणजे मेंदूत जागेपणा धरून ठेवणारा पदार्थ. ऑरेक्सिन ही किल्ली धरा, आणि पेशीवर ते जिथं बसतं ती जागा म्हणजे कुलूप. डॉबरमनमध्ये किल्ली ठीक, कुलूप मोडलेलं. सगळ्यांना वाटलं माणसातही तेच निघणार, पण २००० साली बघितलं तर माणसात कुलूप शाबूत आणि किल्लीच गायब! ऑरेक्सिन बनवणाऱ्या साधारण ७० हजार पेशींतल्या ८५ ते ९५ टक्के मेलेल्या. (ज्या कुत्र्यांत आजार घराण्यातनं येत नाही त्यांचंही माणसासारखंच, ऑरेक्सिन कमी.)

पेशी कोण मारतं? संशय आपल्याच प्रतिकारशक्तीवर आहे. एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणारी जनुकं, त्यातला एक ठराविक प्रकार जवळपास सगळ्या कॅटाप्लेक्सीवाल्यांत सापडतो, पण तो असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात, म्हणजे ठिणगी वेगळी लागते. २००९ चा स्वाइन फ्लू आठवतोय का, पुण्यापास्नं सगळे तोंडाला रुमाल बांधून? त्यानंतर चीनमध्ये पोरांत केसेस वाढल्या, आणि फिनलंड-स्वीडनमध्ये पँडेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या एका लसीनंतर वाढल्या. म्हणून सगळ्याच लसींना शिव्या घालायचं कारण नाही.

साधारण दोन हजारांत एकाला हे असतं, सुरुवात बहुतेक शाळा-कॉलेजच्या वयात, आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात कारण वर्गात पेंगणाऱ्या पोराला आपण कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. तांबडा-पांढरा हाणून दुपारी येणारी सुस्ती वेगळी, आणि रात्री पुरेशी झोप होऊनही बोलता बोलता, जेवता जेवता डोळा लागणं वेगळं.

कुत्र्याची तपासणी तर भारी आहे, खाण्याचे तुकडे ओळीनं मांडतात आणि संपवायला किती वेळ लागतो ते मोजतात. धडधाकट कुत्रं काही सेकंदात फस्त करतं, हे मधे मधे आडवं होतं. फिटमध्ये अंग ताठतं, झटके येतात, बऱ्याचदा तोंडातनं लाळ गळते, लघवी होते, इथं अंग नुसतं सैल पडतं.

व्हिडिओ परत लावून बघितला. पडलेल्या डॉबरमनचे डोळे उघडे होते, आणि भाकरी जिकडं हलेल तिकडं फिरत होते.