आपलं गूगल पे आणि स्टॉकहोमचं गूगल पे

“गूगल पे आहे की मोबाईलमध्ये, मग काळजी कसली?” स्वीडनला मुला-मुलींकडे निघालेल्या सांगलीच्या मंडळींकडून हे ऐकलं की माझं डोकं सणकतं.

आपलं गूगल पे समजावत बसत नाही. भडंग घेताना, रिक्षाचं भाडं देताना रोजच वापरता.

घात होतो तो स्टॉकहोममध्ये, कार्डमशीनवर गूगल पेचं ओळखीचं चिन्ह दिसल्यावर. त्या चिन्हाचा यूपीआयशी काडीचाही संबंध नाही. आपल्याकडचं ॲप २०१७ मध्ये ‘तेज’ म्हणून आलं ते यूपीआयसाठीच. २०१८ मध्ये फक्त पाटी बदलली. ते स्कॅन करतं आणि पैसे थेट बँक खात्यातून जातात. तिथलं गूगल पे म्हणजे फोनमध्ये भरलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड. फोन मशीनजवळ धरायचा, व्यवहार कार्डाचा होतो. स्कॅन करायला समोर काही नसतंच, आणि तुमचा यूपीआय पिन त्या मशीनला कळत नाही. “पण आयफेल टॉवरवर यूपीआय चालतं ना?” हो, २०२४ पासून. आयफेल टॉवर फ्रान्समध्ये आहे.

स्विश नावाचं तिथलं पैसे पाठवायचं ॲपही कुणी उतरवून घेऊ नका. त्याला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. पाहुण्यांसाठी ते नाही.

तेव्हा तयारी ॲपची नको, कार्डाची करा, आणि ती निघण्याआधी इथल्या शाखेत. साधं रुपे कार्ड स्वीडनमध्ये चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड हातात येतं तेव्हा फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन एवढंच चालू असतं. परदेशी व्यवहार, ऑनलाइन आणि टॅप (कार्ड मशीनजवळ नुसतं धरून पैसे देणं) ही तिन्ही बटणं आपण चालू करायची. लोक पहिलं चालू करतात आणि टॅप विसरतात. मग स्टॉकहोमच्या मेट्रोच्या फाटकावर कार्ड आपटत उभे. बसमध्येही रोकड घेत नाहीत.

कार्डाचा पिन पाठ करा. वर्षानुवर्षं यूपीआय पिनच मारल्यामुळे कार्डाचा पिन वेगळा असतो हेच काहीजण विसरलेत. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा मारलात तर कार्ड बंद पडेल. ऑनलाइन तिकिटांच्या ओटीपीसाठी इथलं सिम रोमिंगसह चालू ठेवा.

फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून न्यायच्या कार्डावर, युरो भरणारे तर हमखास भेटतात. स्वीडन युरोपात असलं तरी चलन क्रोना आहे. युरो भरलेत तर बदलाचा भुर्दंड पडतो. आणि मशीनने “रुपयांत की क्रोनात?” विचारलं की क्रोना दाबा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो खरा, पण त्यातला दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो आणि तो सहसा महागच पडतो.