दात खाणे

नकळत वरचे-खालचे दात एकमेकांवर घासणे किंवा जबडा घट्ट आवळून धरणे म्हणजे दात खाणे. दंतवैद्यकात यालाच ब्रक्सिझम म्हणतात. हा शब्द दात करकरणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला.

झोपेत हे होते तेव्हा करकर आवाजाने शेजारी झोपलेला जागा होतो, दात खाणाऱ्याला मात्र पत्ता नसतो. आधी झोप किंचित चाळवते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू ठेक्यात आकसू लागतात. गाढ झोपेपेक्षा उथळ झोपेत हे जास्त घडते. जागेपणी बहुधा आवाज नसतो. माणूस कामात गढलेला असतो आणि दातांवर दात दाबलेले राहतात. तोंड मिटलेले असले तरी एरवी दातांत थोडी फट असते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा बरेच जास्त आढळते. दुधाच्या सुळ्यांची टोके झिजून सपाट झालेली पाहून आईवडील धास्तावतात. पण बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. मूल जाणूनबुजून काही करत नाही, म्हणून त्याला कधीही रागावू नये. पोटात जंत झाले की मूल दात खाते, हा समज पक्का रुजलेला आहे. तेवढ्यावरून जंताचे औषध देणे मात्र योग्य नाही. त्यापेक्षा मूल घोरते का, तोंडाने श्वास घेते का, हे पाहावे. तसे असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्यांमध्ये मानसिक ताण, मद्य, तंबाखू, जास्त कॉफी, नैराश्यावरील काही औषधे आणि झोपेत श्वास अडखळणे यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. सकाळी उठल्यावर कानशिले ठणकणे, जबडा अवघडणे, दातांना थंड झोंबणे, जिभेच्या कडेवर दातांचे वळ उमटणे या त्याच्या खुणा आहेत. झिजलेले एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे दातांच्या मापाचा नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारे संरक्षक कवच, रात्री लावायला देतात. गार्डने सवय मोडत नाही, दात वाचतात. औषधामुळे त्रास सुरू झाला असे वाटले, तरी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. जागेपणीच्या सवयीवर जबडा आवळला गेल्याचे ध्यानात येताच तो सैल सोडण्याचा सराव उपयोगी पडतो.