नऊ जणांच्या टेबलावर नफा मोजताना

ऑनलाइन पोकरमध्ये ‘सिट अँड गो’ नावाचा छोट्या स्पर्धांचा प्रकार आहे. वेळ ठरलेली नसते. नऊ खेळाडू जमले की टेबल सुरू होतं. नेहमीचा साचा असा: फी १० डॉलर, शिवाय साइटचं कमिशन, म्हणजे रेक, १ डॉलर. बक्षिसांचे ९० डॉलर ४५, २७ आणि १८ असे पहिल्या तिघांत वाटले जातात. उरलेले सहा जण हात हलवत परत.

नऊही जण तोडीस तोड असतील तर प्रत्येकाला सरासरी १० डॉलर परत मिळतात आणि खर्च होतात ११. परतावा उणे ९.१ टक्के. बरोबरीचा खेळाडू इथे हळूहळू बुडतोच. रेक वाढला की भलेभले नफ्यातले खेळाडू तोट्यात जातात, म्हणून स्पर्धा निवडताना आधी हा आकडा पाहावा. (भारतात हे गणित आता वहीपुरतंच आहे. ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावरच बंदी आली.)

परताव्याचं सूत्र सोपं आहे: एकूण बक्षिसांतून एकूण खर्च वजा करा आणि एकूण खर्चाने भागा. खर्चात रेक आणि पुन्हा घेतलेली एन्ट्री दोन्ही धरा. गल्लत होते ती टक्क्यांची सरासरी काढताना. समजा, २.२० डॉलरच्या १०० स्पर्धांत २० टक्के नफा झाला आणि २२ डॉलरच्या ५० स्पर्धांत १० टक्के तोटा. सरासरी अधिक ५ टक्के दिसते. प्रत्यक्षात ४४ डॉलर आले आणि ११० गेले. १३२० डॉलरच्या खर्चावर हा ५ टक्के तोटा आहे.

दुसरा फसवा आकडा म्हणजे ‘किती वेळा बक्षिसात आलो’. शंभरातल्या ४० स्पर्धांत बक्षीस मिळवणारे दोन खेळाडू घ्या. एकाचे पहिले, दुसरे, तिसरे क्रमांक १४, १३, १३ वेळा. दुसऱ्याचे १०, १३, १७ वेळा. पहिल्याचा परतावा सुमारे १०.५ टक्के, दुसऱ्याचा जेमतेम ०.६. दुसरा तिसऱ्या नंबरापर्यंत जीव मुठीत धरून खेळतो आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याच्या चिप्स (पैज लावायच्या चकत्या; त्या संपल्या की खेळाडू बाद) संपत आलेल्या असतात.

आता नशिबाचा वाटा. वरच्या १०.५ टक्केवाल्या खेळाडूच्या एका स्पर्धेच्या निकालाचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार) सुमारे १६.५ डॉलर, म्हणजे खर्चाच्या दीडपट आहे. स्पर्धांची संख्या वाढली की सरासरीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाने घटते. १०० स्पर्धांनंतर ती १५ टक्के उरते, १००० नंतर पावणेपाच. त्यामुळे १०० स्पर्धा खेळून हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता साधारण चारात एक आहे. तितक्याच सहजपणे एखादा सुमार खेळाडू नफ्यात दिसतो आणि मोठ्या फीच्या टेबलावर जाऊन बसतो. हजारभर स्पर्धा होईपर्यंत शिल्लक रकमेवरून खेळाची पारख करू नये.

मग सुधारणा कशी ओळखायची? निर्णय तपासून. इथे उपयोगी पडतं आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) हे गणिती प्रारूप. त्यातलं क्रमांकांच्या शक्यतांचं सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसंदर्भात मांडलं होतं. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या वाट्याइतकी. त्याला बाजूला काढून उरलेल्यांत पुन्हा तोच हिशेब. त्यातून चिप्सची किंमत डॉलरमध्ये मिळते.

चौघे उरलेत, सगळ्यांकडे सारख्या चिप्स. प्रत्येकाचा वाटा २२.५० डॉलर. समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. कॉल करून (तेवढ्याच चिप्स लावून) जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ४५ होत नाही. सूत्राने तो ३४.५० येतो. हरलात तर शून्य. २२.५० ला ३४.५० ने भागा: कॉल परवडायला ६५ टक्क्यांहून अधिक वेळा जिंकायला हवं. समोरचा कुठल्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन करत असला तरी छक्क्यांची जोडी सुमारे ६३ टक्केच जिंकते, म्हणून ती फोल्ड, म्हणजे टाकून द्यायची. सत्त्यांची जोडी ६६ टक्के, म्हणून कॉल. ब्लाइंडचे (पत्ते पाहण्याआधी सक्तीने लावायचे) पैसे आधीच टेबलावर असतील तर ही मर्यादा थोडी खाली येते. नवखे नेमके इथे ‘पन्नास-पन्नास आहे, बघू’ म्हणून कॉल करतात. उलट, ऑल-इन आपण करतो तेव्हा हीच अडचण समोरच्याची असते. त्यामुळे शेवटच्या चौघांत स्वतः आधी ऑल-इन करणं फायद्याचं, कॉल करणं महागाचं. दर आठवड्याला असे वीसेक डाव काढून आयसीएम गणकयंत्रात घालावेत आणि प्रत्येक चूक डॉलरमध्ये लिहावी.

टेबलांची संख्या वाढवली की परतावा घसरतो, पण तेवढ्यावरून घाबरू नये. ११ डॉलरची, पाऊण तासाची स्पर्धा धरली तर चार टेबलांवर १० टक्के परताव्याने तासाला ५.८७ डॉलर सुटतात. आठ टेबलांवर ६ टक्क्यांनी ७.०४. आठावर तो ५ टक्क्यांपर्यंत आला तर मात्र दुप्पट रक्कम आणि दुप्पट लक्ष अडकवून हाती चार टेबलांइतकेच डॉलर येतात.